दुसऱ्याच्या तोंडून

"तुम्ही इथे नेमकं काय करता, मिस्टर डाइकहाउस?" टेस केरिगनने विचारलं.

ती हौदाच्या काठावरच्या फळीवर उभी होती. पायात कोरे करकरीत रबरी बूट, हातात पाटीएवढा कॉम्प्युटर. खाली माणूस उभा बुडेल एवढ्या खोल हौदात, खाऱ्या पाण्यात, हजारो काकड्या लाकडी पट्ट्यांखाली दाबून ठेवलेल्या होत्या. लोवेल डाइकहाउसने बाही कोपराच्या वर सारली, पट्ट्यांच्या फटीतून हात घालून एक काकडी काढली आणि कानाजवळ धरून मोडली. टचकन आवाज आला. अर्धी तोंडात टाकून त्याने चावली, उरलेली उन्हाकडे धरून पाहिली.

"विशेष काही नाही," तो म्हणाला. "बघतो."

"बघता म्हणजे?"

"बघायचं असतं. लक्ष ठेवायचं. कुणालाही जमेल हो."

तिने ते लिहून घेतलं.

आता लोवेलने काय सांगायला हवं होतं, ते मी सांगतो. काकडी हौदात पडली की लोणचं आपोआप होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी घातलेलं नसतं. हौद उघडेच ठेवावे लागतात, कारण ऊन लागलं तरच पाण्यावर बुरशीची साय धरत नाही. उघडे ठेवले की पाऊस पडतो. पाऊस पडला की वरचं पाणी अळणी होतं आणि चार दिवसांत वरचा थर लिबलिबीत होतो. आंबताना काकडीच्या पोटात वायू धरतो. तो काढायला नळीने हवा सोडावी लागते, नाहीतर काकडी आतून पोकळ होते. हवा जास्त झाली तर ती मऊ पडते. मीठ मोजायला काचेची नळी असते, पण ती नळी मीठ सांगते, काकडी सांगत नाही. काकडी मोडल्याच्या आवाजावरून कोणत्या हौदात परवा काय होणार हे ओळखणारा माणूस त्या अख्ख्या परगण्यात एकच होता, आणि तो नुकताच म्हणाला होता, कुणालाही जमेल.

हा विनय नव्हता, ही गावाची रीत होती. मिशिगनच्या पश्चिम काठावरचं, हॉलंडहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचं हे गाव. इथे स्वतःबद्दल चांगलं बोलणं म्हणजे भर प्रार्थनेत ढेकर देणं. जत्रेत जिच्या सफरचंदाच्या पायला पहिलं बक्षीस मिळतं, ती बाई म्हणते, कडा जरा करपल्याच होत्या. लोकांची हृदयं उघडून पुन्हा शिवणारा इथला डॉक्टर चर्चबाहेर म्हणतो, शिवणकामच ते. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की या बोलण्याची चौपट करून घ्यायची. गावातल्या गावात हे नाणं चालतं. बाहेरच्या माणसाला त्याची किंमत काय कळणार?

टेस केरिगन शिकागोहून आली होती. सल्लागार कंपनीची माणसं यायच्या आदल्या दिवशी लोणच्याच्या कारखान्याचा मालक ग्रँट टर्पस्ट्रा स्वतः हौदांच्या यार्डात येऊन सांगून गेला होता, "त्यांना मदत करा. फक्त अभ्यास आहे. कुठे काय सुधारता येईल ते बघतील."

सुधारता येईल, या शब्दावर लोवेल भुलला. यार्डाला हवा पुरवणारं यंत्र ग्रँटच्या वडिलांच्या वेळचं होतं. दक्षिणेकडच्या रांगेला ते पुरायचं. उत्तरेकडच्या दहा हौदांपर्यंत पोचेपर्यंत त्याचा दम जायचा. त्या दहा हौदांत दरवर्षी पोकळ काकडी निघायची. सहा वर्षं लोवेल हे सांगत होता. तोंडी सांगून झालं, लिहून देऊन झालं, कापलेली पोकळ काकडी ग्रँटच्या टेबलावर ठेवून झालं. ग्रँट दरवेळी मान हलवून म्हणायचा, "बघू या हं, लोवेल." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. आता बाहेरून कुणी येऊन हेच म्हणालं तर ग्रँट ऐकेल, असं लोवेलला वाटलं. म्हणून त्याने टेस केरिगनला आपल्या सहा वर्षांच्या वह्या दिल्या. रोजचं मीठ, रोजचा पाऊस, हौदागणिक पोकळ काकडी, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं.

आणि आपल्या हाताखालच्या सहाही माणसांना जेवणाच्या सुट्टीत बजावलं, "विचारेल ते खरं सांगा. लपवाछपवी नको. पाहुणी आहे आपली."

हार्व विअर्स्मा, यार्डात त्याच्याखालोखाल जुना, म्हणाला, "खरं काय सांगायचं? आठ तासांतले किती तास बसून असता, असं विचारतेय ती."

"मग सांग. चार."

"चार म्हटलं तर बरं दिसेल का?"

"बसतो ना आपण? मग झालं तर. खोटं कशाला बोलायचं?"

लोणच्याच्या यार्डात माणूस बसतो, कारण काकडी आंबायला वेळ लागतो. शेतकरी पिकाकडे बघत बांधावर बसतो त्याला कुणी रिकामटेकडा म्हणत नाही. पण हे वाक्य हार्वला सुचलं नाही, लोवेललाही नाही. त्यांनी नुसतं "चार" सांगितलं.

फक्त युसेबिओ खदखदून हसला. त्याचे आजोबा टेक्सासहून काकड्या तोडायला आले आणि इथलेच झाले. तो लोवेलला हेफे म्हणायचा, म्हणजे साहेब.

"हेफे, तुमच्या लोकांची कमाल आहे," तो म्हणाला. "स्वतःचं कौतुक केलं तर जीभ झडते का तुमची? मी तर तिला तोंडावर सांगितलं, बाई, मी सुट्टीवर गेलो ना, की बाराव्या हौदाचा चिखल होतो."

"काहीतरीच तुझं," हार्व शरमून म्हणाला.

"काहीतरीच काय? होतोच चिखल! गेल्या ऑगस्टला काय झालं होतं?"

सगळे हसले. लोवेलही हसला. पोरगं आगाऊ आहे, असं त्याला वाटलं. पोरगं म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचं.

तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी दहा वाजता, सगळ्या विभागांच्या प्रमुखांना जेवणघरात बोलावलं. भिंतीवर पडदा लावला होता. ग्रँट मागच्या खुर्चीत, दाराजवळ बसला. आपल्याच कारखान्यात माणूस दाराजवळ का बसतो, हे लोवेलला तेव्हा समजलं नाही.

टेस केरिगन बोलायला उभी राहिली. चांगलं बोलत होती. बाटल्या भरण्याचा विभाग, मालगाड्या, गोदाम, एकेक पान पुढे सरकत होतं. मग यार्ड आलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: उत्तर रांगेतली नासाडी सहा वर्षं सातत्याने जास्त. खाली आलेख. लोवेलने आपले आकडे ओळखले. आपण पेन्सिलीने लिहिलेला आकडा असा रंगीत होऊन भिंतीवर चढलेला पाहून त्याला क्षणभर बरंही वाटलं. आता हवेच्या यंत्राचं बोलतील, म्हणून तो खुर्चीत पुढे सरकला.

पुढच्या पानावर लिहिलं होतं: कामगारांचा निम्मा वेळ रिकामा. आणि त्याच्या खाली, अवतरणचिन्हांत, तिरप्या अक्षरांत:

"विशेष काही नाही. बघतो. कुणालाही जमेल." (यार्डप्रमुख)

कुणीतरी हसलं. वाईट मनाने नाही; वाक्य ओळखीचं होतं म्हणून हसलं. लोवेलचे कान तापले. त्याच्या पुढचं पान आलं, तेव्हा कुणी हसलं नाही. यार्ड या हंगामानंतर बंद करावं. खारवलेली काकडी भारतातून पिंपांत भरून मागवावी. इथे फक्त बाटल्या भरायच्या.

हातात दिलेल्या जाड रिपोर्टात हवेच्या यंत्राचा उल्लेख होता. एकशेसोळाव्या पानावर, पुरवणीत, एक ओळ: हा पर्याय विचारात घेतला. युसेबिओचं बाराव्या हौदाचं वाक्य कुठेच नव्हतं. सहा माणसांपैकी एकानेच आपल्या कामाची खरी किंमत सांगितली होती, तेवढीच रिपोर्टात घ्यायची राहिली.

लोवेल उठून बाहेर गेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. दांडा आपणच तासून, पॉलिश करून तिच्या हातात दिला होता, वर पाहुणी म्हणून कॉफीही पाजली होती. त्याला हार्वचं तोंड आठवलं. चार म्हटलं तर बरं दिसेल का? हार्वला कळलं होतं. त्याला गप्प आपण केलं.

बाराच्या सुमाराला टेस केरिगन गाडीत सामान ठेवत होती, तेव्हा तो तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"माझं बोलणं तसं नव्हतं," तो म्हणाला.

"तुम्ही हेच शब्द बोललात, मिस्टर डाइकहाउस. माझ्याकडे नोंद आहे."

"शब्द तेच. पण बोलणं तसं नव्हतं. तुम्ही दहा दिवस होतात इथे. माझ्यामागून फळ्यांवरून चाललात. तुम्हाला दिसलं नाही, आम्ही काय करतो ते?"

गाडीचं मागचं दार तिने उगाच उघडलं आणि पुन्हा लावलं.

"दिसलं," ती म्हणाली.

"मग लिहिलं का नाही?"

"लिहून काय झालं असतं? यार्ड बंद करायचं हे त्यांनी आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. आम्ही कारणं गोळा केली."

आधी कळस मग पाया. लोवेलने विचारलं, "ठरलेलंच होतं, तर तुम्हाला कशाला बोलावलं?"

"सांगायला," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना माफी होती ना मिजास. रोजचं काम सांगावं तसं ती सांगत होती. "त्यांच्या बहिणीची कंपनीत अर्धी भागीदारी आहे, आणि वडिलांनी बांधलेलं यार्ड तिला बंद करायचं नव्हतं. तिला सांगायला. बँकेला सांगायला. आणि तुम्हाला. ते म्हणाले, रविवारी लोवेलच्या पुढच्याच बाकावर बसायचं असतं मला, मी नाही सांगू शकत. बाहेरच्यांनी सांगितलं तर बरं. बहुतेक कंपन्या आम्हाला असंच बोलावतात, मिस्टर डाइकहाउस. उत्तर त्यांच्याकडे असतं. ते बोलायला त्यांना दुसऱ्याचं तोंड लागतं."

"आणि तुम्ही तोंड देता."

"हो," ती म्हणाली. "देतो."

तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती निदान तोंडावर बोलली होती. लोवेलचा राग तिला ओलांडून पुढे गेला, तो सरळ दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रँटच्या खिडकीपर्यंत. एकसष्ट वर्षांत तो कुणावर असा संतापला नव्हता. संतापायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. बूट पुसायचं विसरून तो तसाच जिना चढला.

ग्रँटच्या खोलीचं दार उघडंच होतं. तो जणू वाटच पाहत होता.

"या, लोवेल. बसा ना."

"बसत नाही."

"मला माहितेय, तुम्हाला वाईट वाटलं असेल. मलाही वाटलं, खरंच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण रिपोर्टच असा आला की..."

"ग्रँट," लोवेल म्हणाला, "माझ्याशी खोटं बोलू नकोस."

सत्तेचाळीस वर्षांचा ग्रँट लोवेलला कायम 'तुम्ही' म्हणत आला होता, आणि आजही म्हणत होता. शिष्टाचारात कुठेच उणं नव्हतं. याचाच लोवेलला उबग आला.

"ती बोलली वाटतं तुमच्याशी," ग्रँट शेवटी म्हणाला.

"सहा वर्षं मी तुला तोंडाने सांगत आलो. एकदा तरी म्हणायचं होतंस, लोवेल, मला यंत्र घ्यायचं नाही, मला यार्डच नकोय. भांडलो असतो आपण. मी दोन महिने तुझ्याशी बोललो नसतो. पण माणसासारखे भांडलो असतो ना! त्याऐवजी तू माझ्याच वह्या माझ्यावर सोडल्यास? माझं बोलणं भिंतीवर लावलंस? तुला कळत नव्हतं मी काय म्हणतोय ते? तिला नसेल कळलं. तुला कळत होतं!"

आवाज जिन्यापर्यंत गेला. बाहेरच्या टेबलावरची बाई टाइप करायची थांबली. या इमारतीत कुणी आवाज चढवल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

ग्रँटचा चेहरा उतरला होता. खरंच उतरला होता, नाटक नव्हतं ते. एवढं तरी कबूल करायला हवं. "मला भीती वाटली," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाकडे बघून नसतं बोलता आलं मला."

"म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक."

"हो. म्हणा तसं." त्याने हात टेबलावर ठेवले. "पण तुमची काळजी घेतलीय मी. तुम्ही आत या. पिंपं आली की तपासायला कुणीतरी लागेलच, तुमच्याइतकं कुणाला कळतं? निवृत्त होईपर्यंत तुम्हाला कुणी हात लावणार नाही. फक्त एक करा, लोवेल. पोरांना तुम्हीच सांगा. माझ्याकडून ऐकलं तर त्यांना लागेल. तुमचं ते मनावर घेतात. तुम्ही सांगितलंत की समजून घेतील."

लोवेलला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. आधी शिकागोची बाई, आता आपण. तोंड संपलं की नवं तोंड. आणि बदल्यात आतली खुर्ची, हीटरजवळची, गुडघ्यांना बरी. खोटं कशाला बोला, त्या खुर्चीचा विचार त्याच्या मनात येऊन गेला. मिशिगनच्या जानेवारीत ज्याने हौदावरचा बर्फ फोडलाय, त्याच्या मनात तो येणारच. मग त्याला हार्व आठवला, 'चार' म्हणताना शरमलेला.

"नाही," तो म्हणाला.

"कशाला नाही? आतलं काम?"

"ते नंतर बघू. मी सांगणार नाही. आज साडेतीनला पाळी सुटते. मी सगळ्यांना पहिल्या हौदापाशी थांबवून ठेवतो. तू ये आणि सांग. तुझ्या तोंडाने. टेस केरिगन नको, रिपोर्ट नको."

"आणि नाही आलो तर?"

"तर आम्ही उभे असू," लोवेल म्हणाला, आणि निघाला.

साडेतीनला भोंगा झाला. भरण्याच्या विभागातली माणसं बाहेर पडली, गाड्या सुरू झाल्या, निघून गेल्या. यार्डातली सात माणसं पहिल्या हौदापाशी उभी राहिली. लोवेलने त्यांना एवढंच सांगितलं होतं की ग्रँट येतोय, त्याला काही बोलायचंय. पण जेवणघरातली बातमी जेवणघरात थोडीच राहते? सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. हार्व हातमोजे काढून परत घालत होता.

वीस मिनिटं गेली. ढग भरून आले.

"येत नाही तो, हेफे," युसेबिओ म्हणाला.

"थांब."

चार वाजायला आले तेव्हा ग्रँट आला. कोटावर, बिनटोपीचा, ऑफिसातल्या चकचकीत बुटांनी यार्डाचा मिठाचा चिखल तुडवत. सहा पावलांवर उभा राहिला.

"तुम्ही सगळे थांबलात, त्याबद्दल..." त्याने सुरुवात केली. "तर आता बाहेरच्या तज्ज्ञांचा जो अहवाल..."

"ग्रँट," लोवेल म्हणाला.

ग्रँट थांबला. मग म्हणाला, "मी यार्ड बंद करतोय. डिसेंबरअखेर. निर्णय माझा आहे. मी उन्हाळ्यातच ठरवला होता." हे सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला.

मग युसेबिओ म्हणाला, "आणि या हौदांतल्या काकड्या? मार्चशिवाय तयार होत नाहीत त्या. डिसेंबरनंतर त्यांना कोण बघणार?"

"ते... रिपोर्टमध्ये असेल," ग्रँट म्हणाला.

"नाही," लोवेल म्हणाला. "मी वाचलाय."

सत्तेचाळीस हौद होते, गळ्यापर्यंत भरलेले, आणि एकशेसोळा पानांत त्यांच्यासाठी एक वाक्य नव्हतं.

तेवढ्यात हार्व पुढे झाला. लोवेलला वाटलं, आता हा बोलणार. चौतीस वर्षं काढलीत याने इथे. हार्वने हातमोजा काढला, हात पुढे केला आणि म्हणाला, "स्वतः येऊन सांगितलंस. थँक यू, ग्रँट."

त्याच्यामागून दुसरा. "थँक यू." मग तिसरा. एकामागून एक ते पुढे होत गेले, कुणाच्या मातीला आल्यासारखे. डोळ्यात पाणी असलेला एक जण म्हणाला, "तुझ्यासाठीही सोपं नसेल हे." घर तुटायला आलं तरी पाहुण्याला दारापर्यंत पोचवणारी माणसं ही. युसेबिओने आकाशाकडे पाहिलं, स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटला, पण त्यानेही हात दिला. लोवेलला ओरडावंसं वाटत होतं: अरे, कशाबद्दल?

मग सहा जण बाजूला झाले आणि ग्रँट त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. हात पुढे केलेला. आता सगळं ठीक होईल, एवढा एक शब्द राहिलाय, असा त्याचा चेहरा होता. हे गाव त्या शब्दावरच चालतं. लोवेलने आयुष्यात तो कुणालाही नाकारला नव्हता. दात काढणाऱ्याला, दंडाची पावती फाडणाऱ्या पोलिसालाही तो म्हणाला होता.

माणसं वाट पाहत होती. हार्व तर मान खाली घालून, लोवेलच्या वतीने शरमून उभा होता.

पावसाचे पहिले थेंब हौदावर पडले. वरचं पाणी अळणी होणार होतं. लोवेलने बाही वर सारली, ग्रँटच्या हाताला वळसा घालून तो पलीकडे गेला, आणि मिठाचं पोतं ओढू लागला.